एक पेला जादा

शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत काळ्या मनुका उकळल्याचा वास सुटला की कॅलेंडर न बघता मी सांगायची, उद्या महिन्याचा पहिला रविवार. समोरच्या चर्चमध्ये त्या दिवशी प्रभुभोजन असायचं. त्यासाठीचा द्राक्षरस विकत आणायची त्या मंडळीत पद्धत नव्हती. शांतवनआप्पा मनुका भिजत घालायचे, देठ काढायचे, उकळायचे आणि पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. दुसऱ्या दिवशी हाच रस बोटभर उंचीच्या काचेच्या पेल्यांत भरला जायचा. माणशी एक पेला.

यादीत नावं एक्केचाळीस असली तर आप्पा बेचाळीस पेले भरायचे. छत्तीस असली तर सदतीस.

मी मूळची बेळगावची, वडगावच्या विणकराच्या घरातली. आमच्या घरी माग चालू असला की ओरडून बोलायचं, आणि बंद असला तरी सवयीनं ओरडूनच. निपाणीहून चिकोडीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात मराठी शाळेवर नेमणूक झाली आणि चर्चसमोर एक खोली मिळाली. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. पण पहिल्या महिन्यात त्या खोलीतल्या शांततेनं माझे कान दुखायचे. रविवारी चर्चची घंटा वाजली की बरं वाटायचं. देवाधर्माचा संबंध नाही, कुणीतरी मोठ्यानं आवाज करतंय एवढंच बरं वाटायचं.

घंटा वाजवणारे आप्पा चर्चचे राखणदार होते. आवारातल्या कोपऱ्यातल्या खोलीत एकटेच राहायचे. उंच, खांद्यात वाकलेले, उजव्या गुडघ्यानं अधू. उन्हाळा असो की थंडी, बंद गळ्याचा पांढरा सदरा आणि खिशात बसच्या जुन्या तिकिटांचा गठ्ठा. दिसलं कुणी की "सलाम!" मीही चार दिवसांत "नमस्कार" सोडून "सलाम आप्पा" म्हणायला लागले. बेळगावला आईशी फोनवर बोलताना एकदा तोंडातून सलाम गेला, तर आई अर्धा तास काळजीत.

त्यांची एक खोड मला खटकायची. पाणी दिलं की पिऊन झाल्यावर ते ग्लास पालथा घालायचे. कट्ट्यावर, पायरीवर, माझ्या तपासलेल्या वह्यांवरसुद्धा. उचलला की खाली ओला गोल.

"आप्पा, ग्लास सरळ ठेवला तर काय बिघडतं हो?"

"आमच्या हिची शिस्त. पाल पडंल, मुंगी जाईल म्हणायची. घरात तिघं हुतो, तिघंबी पालथाच घालायचो."

बायको वारल्याचं मला माहीत होतं. हा तिसरा कोण, ते मी त्या दिवशी विचारलं नाही.

जादा पेल्याचा विषय काढला तो नवीन आलेल्या पाळकसाहेबांनी. तरुण माणूस, सगळं नीटनेटकं लागणारा. उपासना झाल्यावर पायरीवरच त्यांनी आप्पांना गाठलं. मी समोर दारात तांदूळ निवडत होते, त्यामुळे ऐकू येणारच.

"आप्पा, दर वेळी एक पेला जास्त होतो. मोजायला चुकता का?"

"न्हाय साहेब. बरोबर भरतोय."

"मग तो कुणाचा?"

"दावीदचा."

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "दावीदचं नाव यादीत नाही, आप्पा."

"यादीतनं मीच काढलोय की. यादीतल्यांचं तुमी बघताय. जो यादीत न्हाय त्याचं कुणी बघायचं?"

पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि ते आत गेले. त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा. उरलेला पेला आप्पांनी नेहमीसारखा आवारातल्या चिकूच्या बुंध्याशी ओतला. त्या झाडाचे चिकू गोड असायचे. मी चिडवायची, "तुमच्या मंडळीत सगळ्यात नियमित हे झाड आहे." आप्पा हसायचे, पण डोळे रस्त्याकडं असायचे.

दर सोमवारी आप्पा गावात नसत. दोन माणसांचा डबा घेऊन सकाळी बस पकडत. एका सोमवारी निपाणी, एका सोमवारी चिकोडी, कधी संकेश्वर, कधी कागल, कोल्हापूर. महिन्यातून एकदा बेळगाव. जायचे ते फक्त बसस्टँडवर. बाकामागून बाक, माणसामागून माणूस बघत फिरायचे. कुणी तोंडावर टॉवेल टाकून झोपलेला असला तर टॉवेल हळूच बाजूला करायचे. जो कुणी भुकेला दिसेल त्याला डब्यातला अर्धा भाग द्यायचे आणि सातच्या बसनं परत यायचे. सीमेवरून काही तंटा झाला की दोन्हीकडच्या गाड्या हद्दीपाशी अडायच्या. आप्पा उतरून तो टापू चालत ओलांडायचे. मी रागावले तर म्हणाले, "मेंढरू काय हद्द बघून चुकतंय व्हय, बाई?"

एकदा कोल्हापूरच्या स्टँडवर टॉवेल उचलल्यावर एका पिलेल्या माणसानं त्यांच्या कानाखाली वाजवली. गाल सुजवून परत आले. मी हळद गरम करत होते आणि तोंडानं त्या माणसाचा उद्धार चालला होता. आप्पा शांतपणे म्हणाले, "पत्ता बरोबर हुता, बाई. हात तेवढा दुसऱ्याचा."

तेव्हा मी दावीदचं विचारलं. पण त्यांनी लगेच सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी मनुकांचे देठ काढताना, माझ्याकडं न बघता सांगितलं.

"दावीद आमचा एकुलता. चर्चमध्ये पेटी वाजवायचा. आईनं शिकवलेली. ती गेली आन् ह्यो प्यायला लागला. मी तवा मंडळीचा पंच हुतो. लई कडक. कुणी प्रार्थना चुकवली तरी घरी जाऊन बोलायचो. नाताळच्या तोंडावर चर्चची पेटी गायब झाली. ह्यानं विकलेली. रविवारी उपासना चालू असताना आत आला, शेवटच्या बाकावर बसला. बोलायला आलता का काय, कुणाला ठावं. मी बोलू दिलो न्हाय. उठलो आन् समद्यांदेखत बोललो, ह्याचं नाव काढा. ह्यो मंडळीचा न्हाय आन् माझाबी न्हाय. लोक म्हणाले, आप्पा, दमानं घ्या. मी ऐकलो न्हाय."

देठ काढलेल्या मनुकेचा ते पुन्हा देठ शोधत होते.

"तो उठून भाईर गेला. मी दारापतूर गेलो. पाण्याच्या टाकीपाशी वळण हाय न्हवं, तिथं थांबला. मागं बघितला. मी हाललो न्हाय, बाई."

हातातली मनुका त्यांनी पातेल्यात टाकली. मग म्हणाले, "आमच्या शास्त्रात एका उधळ्या पोराची गोष्ट हाय. पोरगं समदं उडवून परत येतंय, आन् बाप त्याला लांबनं बघून पळत सुटतोय. म्हातारा माणूस, गावादेखत, पायात काय हाय न्हाय न बघता पळतोय. आन् मला चार पावलं टाकता आली न्हाईत. त्यातल्या बापानं पोराला हाकललंबी नव्हतं. मी हाकललो."

पाळकसाहेबांनी उपदेशाला ती गोष्ट घेतली की आप्पा घंटेचा दोर तपासायच्या निमित्तानं बाहेर का येतात, ते मला त्या दिवशी कळलं. पंचपद त्यांनी त्याच वर्षी सोडलं होतं आणि राखणदारी मागून घेतली होती. पंच म्हणून दार बंद केलं, आता दार उघडायचं काम द्या म्हणाले होते म्हणे.

मी शाळामास्तरीण, माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उपाय. म्हटलं, फोटो द्या, मोबाइलवर गावोगावच्या ग्रुपला पाठवते, आठवड्यात पत्ता लागेल. त्यांच्याकडं शाळेतला एकच फोटो होता, दावीद सतरा वर्षांचा, पेटीपुढं बसलेला. फोटो त्यांनी दाखवला आणि परत खिशात ठेवला.

"नको. मी एकदा त्याचं नाव चारचौघांत घेतलोय. परत न्हाय."

"मग तो सापडणार कसा? आणि तुमच्या देवानं तरी त्याला माफ केलंय का?"

"देवानं कवाच केलंय. देव त्याच्या मागं मागं हायच. मी आपला देवाच्या मागं हिंडतोय. सापडलं तर दोघंबी एकदम सापडतील."

मला देवाचं फारसं काही कळत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, मी हरवले तर मला शोधायला कोण निघेल? आई निघाली असती, पण तिला बस लागते. हसू आलं आणि मग बराच वेळ झोप आली नाही.

सुगी झाली की आमच्याकडं धनगर शेतांत खतासाठी मेंढरं बसवतात. एका रविवारी दुपारी आप्पा मला घेऊन तळावर गेले. त्यांच्या शास्त्रातल्या चुकलेल्या मेंढराच्या गोष्टीचं तिथल्या म्हाताऱ्या धनगराला विचारायचं होतं.

"शंभरातलं एक चुकलं तर नव्व्याण्णव सोडून जाशील का रं?"

"जातो की."

"नव्व्याण्णव वाऱ्यावर सोडून?"

"वाऱ्यावर कशी? ती एकमेकाला हाईत. कुत्री हाईत. चुकलेल्याला कोण हाय?" धनगरानं तंबाखू मळता मळता पुढं सांगितलं, "आन् चुकलेलं मेंढरू वरडत न्हाय, आप्पा. भ्यालं की गप बसून ऱ्हातंय. हाका मारून भागत न्हाय. पायानंच जावं लागतंय."

आप्पा परत येताना त्या अधू गुडघ्यावरही भरभर चालत होते. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी हेच उपदेशात सांगितलं, धनगराचं नाव न घेता. आप्पांना आनंद झाला, मला राग आला.

आता माझी चूक सांगते. ती टाळून आप्पांबद्दल लिहिता येणार नाही.

सोमवार होता. शाळा सुटून मी घरी आले तर चर्चच्या फाटकाशी एक माणूस उभा. चाळिशीचा, दाढी राखलेली, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. मला वाटलं मीटर बघायला आला असेल. माझ्या डोक्यातला दावीद एक तर फोटोतला होता, सतरा वर्षांचा, नाहीतर स्टँडवर टॉवेलखाली पडलेला. इस्त्रीच्या शर्टातला दावीद माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"आप्पा हाईत?"

"सोमवारी नसतात. फिरतीवर असतात."

"या वयात फिरती?"

"हौस आहे त्यांना," मी म्हणाले. माझी जीभ अशीच. शब्द छान बसला की मी तो बोलून मोकळी होते, तो कुणाला लागेल ते बघत नाही.

तो फाटकातून आत बघत होता. "घंटा कोण वाजवतंय आता?"

"तेच. रविवारी या, रविवारी हमखास भेटतात."

त्यानं पाणी मागितलं. मी दिलं आणि कुकर लावायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तो गेलेला होता. माझ्या पायरीवर ग्लास पालथा, खाली ओला गोल. मी कुरकुरत ग्लास विसळला.

सातच्या बसनं आप्पा आले. मी तक्रार केल्यासारखं सांगितलं, "तुमच्यासारखाच एक येऊन गेला. पाणी प्यायला आणि ग्लास पालथा घालून गेला."

बोलता बोलताच मला कळलं. त्यांचा एक पाय पायरीवर होता, दुसरा खाली. तसेच उभे राहिले. मग पायरीवर बसले आणि ग्लास होता ती जागा हातानं चाचपली. दगड केव्हाच वाळला होता.

मला वाटलं आता ते मला रागावून बोलतील, बोलायलाच हवं होतं. त्यांनी विचारलं, "बारीक झालाय?"

"नाही. बरा होता अंगानं. इस्त्रीचा शर्ट होता."

"इस्त्री?"

"हो."

"पिलेला नव्हता न्हवं?"

"नव्हता, आप्पा."

"इस्त्री," ते पुन्हा म्हणाले. "म्हंजे कोण तरी हाय त्याला. न्हायतर तोच करत आसंल." ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 'हौस आहे त्यांना' हे मी बोलले होते, ते त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही. नंतरही नाही. आज पहिल्यांदाच कुठंतरी लिहिते आहे.

पुढच्या सोमवारी सकाळी शाळेला निघाले तर आप्पा फाटकात डबा घेऊन उभे. शाळा सुटून परत आले तरी तिथंच उभे. डबा तसाच.

"गेलो तर तो हितं येईल," म्हणाले. "बसलो तर तो तिथं आसंल. देवानं एकाला दोन करायला पाहिजे हुतं मला."

"तुम्ही जा," मी म्हणाले. "मी बसते."

तेव्हापासून सोमवारचा आमचा क्रम ठरला. शाळा सुटली की मी चर्चच्या पायरीवर वह्या तपासत बसायची, आणि आप्पा साडेचारच्या बसनं निपाणीला जायचे. बाई ख्रिस्ती झाल्या अशी आवई पोरांनी उठवली. हेडमास्तरांनी मला बोलावून आडून आडून विचारलं. मी सांगितलं, राखणदारीचं काम आहे, बदली कामगार म्हणून.

अख्खा हिवाळा गेला. कुणी आलं नाही. कुत्री यायची, भंगारवाला यायचा. सहा वाजता ऊन भिंतीवरून उतरायचं आणि पायरी गार पडायची. माझ्या शेजारी आप्पा पाण्यानं भरलेला तांब्या आणि एक ग्लास ठेवून गेलेले असायचे, सरळ ठेवलेला. ते उतरून येताना लांबूनच आधी त्या ग्लासाकडं बघायचे. मग माझ्याकडं. मी मान हलवायची. त्या एका क्षणासाठी मला सोमवार नको वाटायचा.

मग माझी बदली झाली, उचगावकडच्या शाळेवर. बेळगावला घरून जाऊन-येऊन करण्यासारखी. सगळे म्हणाले, नशीब काढलंस. आप्पाही म्हणाले, "आईला बरं वाटंल." नंतर जरा वेळानं म्हणाले, "सोमवारचं बघू काय तरी."

माझा गावातला शेवटचा दिवस म्हणजे महिन्याचा पहिला रविवार. "इतकी वर्सं भाईरनंच ऐकलासा," आप्पा म्हणाले. "एकदा आत बसून बघा." मी गेले. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं. मी बायकांच्या शेवटच्या बाकावर बसले. आप्पा पार पुढं, पेल्यांच्या तबकांजवळ. दुसरं गीत चालू असताना उजवीकडच्या शेवटच्या बाकावर कुणीतरी उशिरा येऊन बसलं. डोक्याला मफलर, मान खाली. कुणी ना कुणी उशिरा येतंच, मी लक्ष दिलं नाही.

तबकं फिरली. माझ्यापुढं तबक आलं तेव्हा मी हात जोडून नको म्हटलं. मग शेवटची प्रार्थना. सगळ्यांनी डोळे मिटले. मला सवय नाही, माझे उघडेच. मफलरवाला उठला, चपला हातात घेतल्या आणि पाऊल न वाजवता बाहेर गेला. पोटाची काही तक्रार असेल, मला वाटलं.

उपासना संपली. लोक दारात घोळका करून बोलत होते. आप्पा रिकामे पेले गोळा करत मागं मागं आले. मी निरोप घ्यायला थांबले होते. उजवीकडच्या शेवटच्या बाकाशी येऊन ते थबकले.

बाकाच्या फळीवर एक पेला पालथा घातलेला होता.

त्यांनी तो उचलला. खाली लाकडावर मनुकांच्या रसाचा छोटा जांभळा गोल. ओला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून नेमकं तेवढंच बाहेर पडलं जेवढं हवं होतं.

"आत्ताच गेला, आप्पा. प्रार्थनेच्या वेळी. टाकीच्या बाजूला."

आप्पा दाराकडं वळले. दारातली माणसं बाजूला होईपर्यंत ते बाहेर पडलेसुद्धा. चपला पायरीशी तशाच राहिल्या. पाळकसाहेबांनी "आप्पा, अहो आप्पा!" म्हणून हाक मारली. मी पायरीवर आले तेव्हा ते फाटकाच्या पलीकडं होते. अधू गुडघा बाहेर फेकत, एका हातात तो बोटभर पेला धरून, भर रस्त्यात, अनवाणी, सगळ्या मंडळीदेखत पळत होते. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

लांब टाकीच्या वळणाशी मफलर बांधलेला एक माणूस थांबला होता. त्यानं मागं वळून बघितलं. आप्पा अजून पळतच होते.